धुराडं विझल्यानंतरची जमीन

बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्यात बरंच काही असतं. जमीन किती एकर, यंत्रसामग्री रोज किती टन ऊस गाळणारी, बॉयलर, टर्बाइन, साखर गोदामं, कामगार वसाहत, डिस्टिलरीची इमारत. हमरस्ता किती जवळ, नदी किती जवळ. विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर. या अटीत जमिनीवर जे उभं आहे ते येतं, तसं जमिनीत जे मुरलं आहे तेही येतं. पहिल्याचं मूल्यांकन झालेलं असतं. दुसऱ्यासाठी जाहिरातीत रकानाच नसतो.

तो रकाना भरायचा कसा, कोणी आणि कोणाच्या खर्चाने, हा पुढच्या पानांचा विषय आहे.

पाण्याकाठच्या जुन्या औद्योगिक जमिनी साफ करून पुन्हा वापरात आणायच्या म्हटलं की महाराष्ट्रात आधी मुंबईचा पूर्व किनारा आठवतो. शिवडीचे कोळशाचे ढीग, तेलाच्या टाक्या, दारूखान्यातले जहाजं फोडण्याचे धक्के. बंदराच्या या जमिनीचं पुढे काय करायचं हे सुचवण्यासाठी २०१४ साली राणी जाधव समिती नेमली गेली आणि २०१८ च्या सुमारास ९६६ हेक्टरांच्या आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला. चर्चा रंगली ती इमारतींच्या उंचीची, उद्यानांची आणि क्रूझ टर्मिनलची. किनाऱ्यावरच्या मातीत आणि गाळात काय साचलं असेल, याविषयी मात्र फार कमी लोक बोलले.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. त्याला प्रवरा आहे, गोदावरी आहे, मुळा आणि सीना आहेत, आणि त्यांच्या पाण्यावर विसाव्या शतकात उभा राहिलेला साखरेचा संसार आहे. त्यामुळे हा प्रश्न इथे वेगळं रूप घेऊन येतो. मुंबईच्या धक्क्यांवर तेल, शिसं, जस्त शोधावं लागतं. नगरच्या उत्तर भागात पहिला संशय क्षारांवर आणि विहिरीच्या तांबूस पाण्यावर घ्यावा लागतो. दोष वेगळा म्हणून उपायही वेगळा, आणि त्या उपायाचं निम्मं ज्ञान जिल्ह्याच्या गाठीशी आधीच आहे. इथे कमतरता आहे ती नोंदींची.

इथे आधी पाणी आलं, मग ऊस आला, मग कारखाने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वरचा बंधारा यांमुळे गोदावरीचे कालवे कोपरगावच्या माळांवर पोचले. १९२६ साली भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं आणि ओझरच्या बंधाऱ्यातून प्रवरेचे डावे-उजवे कालवे वाहू लागले. पाणी येणार याचा अंदाज घेऊन भांडवल त्याआधीच येऊ लागलं होतं. ब्रॅडी या ब्रिटिश कंपनीने १९१९ साली बेलापूर कंपनी स्थापली आणि हरेगावला कारखाना उभा केला. १९३३ साली महादेव डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स आली, तिच्याभोवती टिळकनगर वसलं. १९३९ साली करमशी सोमैयांनी गोदावरी शुगर मिल्स काढली, तिच्यामागोमाग साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी ही नावं नकाशावर उमटली. गोदाकाठच्या पुणतांब्याजवळ चांगदेव शुगर मिल उभी राहिली. आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. मग कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे असा सहकाराचा माग नद्यांच्या खोऱ्यांतूनच निघतो.

यातले खासगी कारखाने एकेक करून थांबले किंवा बदलले. हरेगावचं गाळप कायमचं बंद झालं. साकरवाडीला साखर थांबली आणि अल्कोहोलपासून रसायनं बनवण्याचं काम चालू राहिलं. टिळकनगरचं नाव आज उसापेक्षा ब्रँडीशी जोडलेलं आहे. सहकारी कारखान्यांपैकीही काहींचं धुराडं एखाद्या हंगामात पेटतं, एखाद्या हंगामात नाही. कारखाना आहे म्हणजे जागा दूषित आहे, असं अर्थातच नाही. ते नावावरून ठरत नाही, नमुन्यावरून ठरतं. पण नमुना कुठे घ्यायचा हे कळण्यासाठी त्या आवारात काय काय होत होतं हे ठाऊक असावं लागतं.

साखरेचं घर तसं स्वच्छ. गव्हाणीत ऊस पडतो, रस निघतो, चुना आणि गंधकाच्या धुराने तो निवळतो, आटतो, दाणा धरतो. मागे बगॅस, प्रेसमड आणि मळी उरते. बगॅस बॉयलरमध्ये जातो, प्रेसमड शेतात जाते. खरी अडचण मळीपासून पुढे, डिस्टिलरीत सुरू होते. एक लिटर अल्कोहोल काढलं की दहा ते पंधरा लिटर स्पेंटवॉश मागे राहतो. रोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या बेताच्या डिस्टिलरीतून दिवसाला तीन ते साडेचार लाख लिटर गडद तपकिरी, आंबट, कढत पाणी बाहेर पडतं. घरगुती सांडपाण्याची जैविक प्राणवायूची मागणी लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते. स्पेंटवॉशची चाळीस-पन्नास हजार असते. असं पाणी ओढ्यात गेलं की ओढ्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पोट वर करून तरंगतात, हे साखरपट्ट्यातल्या कोणत्याही गावाला सांगावं लागत नाही.

जुनी पद्धत सोपी होती. शेजारच्या जमिनीत मोठी तळी खणायची, त्यांना लॅगून म्हणायचं आणि पाणी उन्हाने आटेल म्हणून सोडून द्यायचं. नगरचं ऊन कडक, त्यामुळे पाणी आटलंही. पण तळाला अस्तर नसलेल्या लॅगूनमधून जेवढं वर गेलं त्याच्याबरोबर थोडं खालीही गेलं. २००३ साली केंद्राने प्रदूषणकारी उद्योगांसाठी कृती-आराखडा ठरवला, आणि पुढे मळीवरच्या डिस्टिलऱ्यांना आवाराबाहेर थेंबही न सोडण्याचं बंधन आलं. बायोगॅस, प्रेसमडबरोबर कंपोस्ट, स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळणं, या वाटा तेव्हापासून रुळल्या. जे नव्याने बाहेर पडतं त्याचा बंदोबस्त त्यातून झाला. आधीच्या पाच-सहा दशकांत जे मुरलं त्याला मात्र कोणी हात लावला नाही.

त्यातला सेंद्रिय भाग काळाच्या ओघात जिवाणू खातात. मागे राहतात क्षार: पोटॅश, क्लोराइड, सल्फेट. आणि राहतो तो रंग, जो जिवाणूंनाही सहजासहजी पचत नाही. यातली गंमत अशी की हेच पोटॅश पिकाला हवं असतं. स्पेंटवॉश जाळून उरलेल्या राखेतून आता पोटॅश खत बनतं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला टनाला ४,२६३ रुपये भाव ठरला. देशात पोटॅश जवळपास सगळं आयात होतं, म्हणून ही राख मोलाची. तेच द्रव्य एका जागी, वर्षानुवर्षं, मोजमाप न ठेवता ओतलं गेलं की जमीन चोपण होते आणि विहीर खारट.

आवारातल्या बाकीच्या वस्तूंचा विचार सहसा होत नाही, आणि इथे लक्ष द्यायला हवं. साखरेच्या प्रयोगशाळेत रसातली साखर मोजण्यापूर्वी तो निवळण्यासाठी अनेक दशकं लेड सबअॅसिटेट वापरलं जाई. शिशाचं हे संयुग रोज थोडं थोडं मोरीतून बाहेर जाई, तेव्हा प्रयोगशाळेची मोरी जिथे उघडते ती जागा तपासावी लागते. उसाचं बेणं लावण्यापूर्वी पारायुक्त बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवण्याची शिफारस एके काळी सगळीकडे होती, म्हणून कंपनीच्या मळ्यातल्या बेणं बुडवायच्या टाक्या शोधाव्या लागतात. कीटकनाशकांच्या गोदामात डीडीटी आणि बीएचसीची पोती फाटली असतील. वाफेच्या नळांवर अॅस्बेस्टॉसचा लेप असतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी असू शकतं, ज्याच्या वापराला भारतात २०२५ च्या अखेरीपर्यंतचीच मुदत होती. शिवाय डिझेलच्या टाक्या, गंधकाचं गोदाम, राखेचे ढीग.

ही यादी कोणत्याही नकाशात मिळत नाही. ती बॉयलरवर किंवा प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या निवृत्त कामगारांकडे मिळते. कुठली मोरी कुठे जात होती, जुना लॅगून बुजवून त्यावर कोणती चाळ बांधली, पावसाळ्यात बांध कुठे फुटायचा, हे त्यांना पाठ असतं. परदेशात दूषित जागेचा पहिला अहवाल कागदपत्रं, जुनी छायाचित्रं आणि माणसांच्या मुलाखती यांवरच उभा राहतो, बोअर मारण्याचं यंत्र त्यानंतर येतं. हरेगाव किंवा पुणतांब्याला ती पिढी आता वृद्ध झाली आहे, म्हणून या कामात जी घाई आहे ती इथे आहे.

मुरलेलं पाणी पुढे कसं जातं हेही नगरच्या जमिनीचं खास गणित आहे. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्या भेगांतून पहिलं पाणी सरळ मुरुमापर्यंत उतरतं, आणि खाली बेसॉल्टच्या सांध्यांतून ते कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज जमिनीच्या उतारावरून लागत नाही. एक विहीर तांबूस, शंभर पावलांवरची दुसरी गोड, असं घडतं ते यामुळे. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठाला मात्र जाड गाळाचे थर आहेत. तिथे पाणी सावकाश आणि सर्व बाजूंनी पसरतं, आणि संगमनेरपासून नेवाशापर्यंत नदीला भिडणाऱ्या घळी ते पावसाबरोबर खाली आणतात. प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीत मिळते आणि पुढे दोन्हींचं पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जातं. छत्रपती संभाजीनगरचं पिण्याचं पाणी तिथूनच उचललं जातं. नगरच्या जमिनीचा प्रश्न त्यामुळे नगरपुरता राहत नाही.

भरपाई कोणी करायची याचं उत्तर कायद्याने बऱ्याच आधी दिलं आहे. उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-अॅसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचं पाणी तपकिरी करून टाकलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा असं ठरवलं, आणि पुढे सफाईचा आकडा ३७ कोटींहून थोडा वर निघाला. २०११ साली तेच न्यायालय त्याच रकमेवर चक्रवाढ व्याज लावत होतं, कारण पैसे भरलेच गेले नव्हते. तत्त्व ठरवायला वेळ लागला नाही, वसुलीत दीड दशक गेलं.

२४ जुलै २०२५ रोजी केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. तोवर देशभरात अशा १०३ जागा नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या फक्त ७ ठिकाणी साफसफाई सुरू झाली होती. नव्या नियमांत सुरुवात जिल्हा प्रशासनापासून होते. संशयित दूषित जागांची यादी जिल्ह्याने दर सहा महिन्यांनी द्यायची. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यानंतरच्या तीन महिन्यांत सविस्तर. जागा दूषित ठरली तर ते जाहीर करायचं, वावरावर निर्बंध घालायचे आणि जबाबदार कोण हे शोधायचं. तो सापडला नाही किंवा त्याच्याकडे पैसे नसले तर खर्च केंद्र आणि राज्य सरकारांनी उचलायचा. म्हणजे जो रकाना लिलावाच्या जाहिरातीत नाही तो अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात भरता येतो. मोजमाप घातक रसायनांच्या याद्यांवर बेतलेलं असल्यामुळे केवळ क्षारांनी मारलेली जमीन या चौकटीत कितपत बसेल, हा नगरपुरता खरा पेच आहे. शिसं, पारा, पीसीबी सापडलं तर दार उघडेल. नुसती खारट विहीर असेल तर वाद घालावा लागेल.

जागा किती साफ करायची हे तिचं पुढे काय करायचं यावर अवलंबून असतं. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचं उत्पादन २००१ साली थांबलं. मातीत किलोमागे किती मिलिग्रॅम पारा शिल्लक राहिलेला चालेल, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला आणि २० चा आकडा मंजूर झाल्यावरही तो मिटला नाही. अमेरिकेत सिअॅटलमधल्या तळ्याकाठच्या गॅस कारखान्याचं १९७५ साली उद्यान झालं. भूदृश्यरचनाकार रिचर्ड हाग यांनी यंत्रं जागच्या जागी ठेवली आणि तेलकट माती उपसून न नेता तिच्यात सेंद्रिय खत मिसळून, ती वरखाली करून जिवाणूंना कामाला लावलं. कल्पना गाजली, पण पुढच्या दशकात मातीत घातक द्रव्यं आढळली म्हणून उद्यान काही काळ बंद ठेवावं लागलं आणि भूजलाची सफाई नंतरही चालू राहिली. जर्मनीत डुइसबुर्गच्या पोलाद कारखान्याचं पीटर लाट्झ यांनी उद्यान केलं, तेव्हा सर्वांत विषारी माती जुन्या बंकरांत बंद केली गेली. थोडक्यात, उद्यानाला एक मोजमाप, गोदामाला दुसरं, घरांना आणि विहिरीला तिसरं. शेतीचं सगळ्यांत कडक, कारण तिथलं पीक ताटात येतं.

नगरच्या बाबतीत सिअॅटलचा धडा दूरचा वाटत नाही. जिल्ह्यात प्रेसमडचा तुटवडा नाही. शिवाय बिघडलेली जमीन दुरुस्त करण्याचा इथला अनुभव शंभर वर्षांचा आहे. दख्खनचे कालवे सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाच उसाच्या जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या, आणि १९२० च्या दशकात क्लॉड इंग्लिस यांनी निचऱ्याचे चर, उसाच्या पाळ्या, पाण्याचं वाटप यांवर काम केलं. जिप्सम टाकायचं, धैंचा किंवा ताग गाडायचा, चर काढून क्षार धुऊन न्यायचे, हे प्रवरेच्या कालव्याखालचा शेतकरी जाणतो. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. शिरोळच्या दत्त कारखान्याने आपल्या सभासदांच्या क्षारपड जमिनींत भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकण्याचं काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. जुन्या लॅगूनखालच्या जमिनीवर हेच ज्ञान लागू पडतं. फरक एवढाच की चरातून निघालेलं पाणी नदीत सोडून चालणार नाही, ते धरून आटवावं लागेल. धातू किंवा पीसीबी निघालेली माती मात्र वेगळी काढून पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात न्यावी लागेल, तिथे जिप्समचा उपयोग नाही.

नदीकाठ म्हटल्यावर पूररेषा आलीच. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. दूषित माती जागेवरच ठेवून तिच्यावर चिकणमातीचा आणि प्लास्टिकच्या चादरीचा थर देणं हा स्वस्त उपाय, पण निळ्या रेषेच्या आत तो धोक्याचा. २००६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीने कोपरगावला काय रूप दाखवलं हे पाहणाऱ्याला तो सुचणार नाही. राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण, जे उद्योगांना नदीपासून किती दूर ठेवायचं ते ठरवत होतं, ते २०१५ साली रद्द झालं. त्यामुळे जुन्या कारखान्याच्या जागी नवा उद्योग आणायचा झाला तर पूररेषा आणि पर्यावरणविषयक परवानग्या हेच मुख्य अडसर उरतात.

मालकी हा शेवटचा आणि सर्वांत गुंतलेला धागा. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कंपन्यांचे मळे काढून घेतले आणि १९६३ साली ते राज्य शेती महामंडळाकडे आले. ज्या शेतकऱ्यांनी कधी काळी या कंपन्यांना खंडाने जमिनी दिल्या होत्या त्या खंडकऱ्यांचा लढा पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि २०१२ नंतर जमिनी परत मिळू लागल्या. महामंडळाच्या काही जमिनीवर शिर्डी परिसरात औद्योगिक वसाहतीची आखणी झाली. कारखान्याचं आवार एकाकडे, मळा दुसऱ्याकडे, लॅगूनची जागा तिसऱ्याकडे, कर्जाचा बोजा बँकेचा आणि थकीत पगारासाठी कामगार न्यायालयात. अशा ठिकाणी विक्रीच्या पैशांवर पहिला हक्क बँक सांगते, दुसरा कामगार. मातीच्या सफाईसाठी कोणी वकील उभा राहत नाही. लिलावाआधीच तपासणी झाली आणि सफाईचा अंदाजी खर्च किमतीतून वजा केला, तर तो खर्च खरेदीदाराच्या नव्हे, विक्रेत्याच्या पदरी पडतो. लिलावानंतर झाली, तर नवा मालक आणि जुनं देणं असा नवा दावा सुरू होतो.

पुढची प्रकरणं या क्रमानेच जातात: आधी आवाराचा इतिहास आणि कामगारांच्या आठवणी, मग माती आणि भूजल, मग कायदा, मग उपाय आणि शेवटी नवा वापर. पहिल्या टप्प्याचा खर्च फार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्ह्यात आधीपासून आहेत आणि पाण्याची पातळी मोजायला तिचे कर्मचारी वर्षातून चार वेळा फिरतात. त्याच फेऱ्यांत, मे महिन्यात विहिरी तळाला गेल्यावर एकदा आणि ऑक्टोबरात भरल्यावर एकदा, बंद कारखान्यांभोवतीच्या विहिरींचे नमुने घेता येतील. दोन्ही वेळच्या क्षारांची, रंगाची आणि शिशाची तुलना हाती असली की कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी आणि नेवासे या तालुक्यांतल्या कोणत्या आवारात पहिला बोअर मारायचा, हे जिल्ह्याच्या सहामाही यादीत लिहिता येईल.